लॅब्रॅडॉर कुत्रा विकत घ्यायचा की वॉचमनच्या केबिनमागचं पिल्लू आणायचं?

अनघा_चिंचवड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. आमच्याकडे कुत्रा आणायचं (एकदाचं) ठरलंय. कुठला, यावर घरात तीन पक्ष पडलेत. नवऱ्याला लॅब्रॅडॉरच हवाय. त्याने ऑनलाइन जाहिरात बघून एका माणसाला फोनसुद्धा केला. "पस्तीस दिवसांचं पिल्लू आहे सर, हेवी बोन, एकदम हेल्दी. पेपर पाहिजे असेल तर रेट वेगळा." मुलगी सातवीत आहे. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमागे कुत्रीने पिल्लं घातलीयत, त्यातलंच एक आणायचं, पैसे मोजून जीव विकत घेणं हे पाप आहे, असं तिचं म्हणणं. (शाळेत कुणी प्राणिमित्र येऊन बोलून गेले, तेव्हापासून.) तिसरा पक्ष सासूबाईंचा: कुठलंही आणा, सकाळी सहाला त्याला खाली नेणार कोण ते आधी कागदावर लिहून द्या.

माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही. ब्रीडरकडून घेणं खरंच इतकं वाईट असतं का? आणि रस्त्यावरचं पिल्लू फ्लॅटमध्ये रमतं का? अनुभव असलेल्यांनी लिहा. कृपया भांडू नका.

टोळभैरव
कुत्र्याच्या धाग्यावर "कृपया भांडू नका"! चहा टाकून बसतो.

भूभू_मावशी
अनघा, "पस्तीस दिवस" ऐकल्याबरोबर फोन ठेवायला हवा होता. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांची झाल्यावर तिच्याकडून पिल्लं घेता येत नाहीत, आणि उभ्या आयुष्यात पाच वेळांहून जास्त तर नाहीतच. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप लागते. नवरोबांना म्हणावं, पुन्हा फोन करा आणि एवढाच प्रश्न विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय? बहुतेकदा पुढे तिकडून फोनच उचलत नाहीत.

आणि पिल्लाचा फोटो बघून विरघळण्याआधी त्याच्या आईचा फोटो मागा. मी गेली कित्येक वर्षं घरी फॉस्टर करते (बेघर कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते). सगळ्यात वाईट अवस्थेत रस्त्यावरची कुत्री येत नाहीत, ब्रीडरने "रिटायर" केलेल्या माद्या येतात. पट्ट्याखालचे केस गेलेले, नखं वळून पंजात घुसलेली, आचळं लोंबलेली, आणि वय विचाराल तर पाच-सहा. त्यातल्या एकीला गवतावर पाय ठेवायची भीती वाटायची, कारण जन्म फरशीवर आणि पिंजऱ्यात गेलेला. अशा माद्या कुणी आणून देत नाही. हायवेवरच्या ढाब्याजवळ सोडलेल्या सापडतात. हेवी बोन पिल्लामागे हे असतं.

निखिल_०७
झालं, मावशींचं सुरू. मी स्वतः लॅब विकत घेतलाय, पेपरसकट, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. घरात लहान मूल होतं, मला स्वभावाची खात्री हवी होती. रस्त्यावरच्या पिल्लाचा बाप कोण, आई कशी, मोठं होऊन ते किती वाढेल, कुणाला चावेल, काहीच माहीत नसतं. आणि दत्तक घ्यायला गेलो होतो हो मी आधी. एका ग्रुपवाल्यांनी घराची तपासणी केली, पगार विचारला, बायको नोकरी करते का विचारलं, मुलगी बघायला आल्यासारखं सगळं! शेवटी भाड्याचं घर आहे म्हणून नकार. मग मी काय करायचं होतं? लॅब आज सात वर्षांचा आहे, मुलगा त्याच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघतो.

भूभू_मावशी
भाड्याच्या घराचं म्हणाल तर ऐका. घरमालकाने नोटीस दिली की पहिला कुत्रा सुटतो. "गावी शेतावर पाठवला" म्हणतात, ते शेत म्हणजे कुठला तरी हायवे असतो. प्रश्न विचारल्याशिवाय कसं द्यायचं? पण पगार विचारणं जास्तच झालं, ते मान्य.

अदिती_ठाणे
वाचतेय. आम्हालाही घ्यायचाय. अनुभव येऊ द्या.

चौथा_मजला
मूळ प्रश्नाआधी सोसायटीचं बघा. आमच्या कमिटीने बोर्ड लावलाय, पाळीव प्राण्यांना बंदी.

भूभू_मावशी
लावू दे बोर्ड. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने ते लेखी सांगितलंय. घाण उचलणं, पट्टा लावणं, महापालिकेचा परवाना काढणं हे मात्र आपलं काम.

पशुवैद्य_सातारा
अनघाताई, थोडं सविस्तर लिहितो.

पस्तीस दिवसांचा हिशेब सोपा आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आईचं दूध आटायला लागतं. तिथून पिल्लांना बाहेरचं खाणं, जंताचं औषध, पहिली लस हा खर्च सुरू होतो. सात-आठ पिल्लं असली तर बराच होतो. तो स्वतः करण्यापेक्षा विकणारा पिल्लू तुमच्या गळ्यात टाकून मोकळा होतो. शिवाय त्या वयात पिल्लू ओंजळीत मावतं, फोटो छान येतो. तुम्ही घरी नेता, चार दिवसांनी उलट्या आणि रक्ताचे जुलाब. पार्व्हो. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण उतरत असतं आणि लसीचं अजून चढलेलं नसतं, नेमक्या त्या फटीत हा विषाणू शिरतो. ज्या शेडमध्ये तो एकदा आला तिथे महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे एकाच विक्रेत्याची पिल्लं माझ्याकडे ओळीने येतात. सलाइन लावून काही वाचतात. विक्रेता म्हणतो, "आमच्याकडे होतं तेव्हा ठणठणीत होतं."

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जग शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ थांबतो, आई गुरगुरते, यातून दात किती लावायचे हे त्याला कळतं. महिन्याभरात उचललेलं पिल्लू हे न शिकताच येतं. मग सहा महिन्यांनी लोक विचारतात, "डॉक्टर, लॅब असून चावतो कसा?"

आता "पेपर". केनेल क्लबचा कागद म्हणजे वंशावळ. आजोबा-पणजोबा कोण ते त्यावर असतं, खुबा कसा आहे ते नसतं. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्यात खुब्याचा सांधा बिघडण्याचा दोष पिढीजात उतरतो. आईबाप दोन वर्षांचे झाल्यावर त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून मगच पिल्लं घेणारे लोक आहेत, पण मोजके. तुम्ही विकतच घेणार असाल तर ते एक्स-रे मागा. दाखवणारा भेटला तर त्याला थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. निखिलराव, तुमच्या लॅबचं वजन किती आहे तेही एकदा सांगा.

निखिल_०७
४१ 😅 पण खातोच इतका! आम्ही काय करणार?

पशुवैद्य_सातारा
४१ म्हणजे सात-आठ किलो जास्त. त्याचा पूर्ण दोष नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की साधारण चौथाई लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याची खूण मेंदूला नीट पोचत नाही. पण वाडगं भरणारा हात तुमचा आहे. एक चपाती कमी करा.

स्वभावाच्या खात्रीबद्दलही सांगतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला मोठा अभ्यास आला होता, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली होती. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागण्याच्या फरकापैकी जातीमुळे पडणारा फरक निघाला ९ टक्क्यांच्या आसपास. रंग, उंची, केस यांचं जातीवरून सांगता येतं, "हा चावणार नाही" हे फारसं सांगता येत नाही. आईचा स्वभाव, सुरुवातीचे आठवडे आणि तुमचं घर, जास्त भार यांच्यावर.

करवानवाला_लातूर
डॉक्टर, ९ टक्के तुमच्या अमेरिकेतल्या सोफ्यावरच्या कुत्र्यांचे. आमच्याकडं या एकदा. करवानी (आमच्याकडची शिकारी जात) पिल्लू चार महिन्याचं झालं की बांधावर काही हललं रे हललं, सुटलंच. त्याला कुणी शिकवत नाही.

मी ब्रीडर आहे असं म्हणा हवं तर. वडील, आजोबा पाळत आले. करवान आणि पश्मी, दोन्ही देशी शिकारी जाती. इथं सगळे ब्रीडर एकाच माळेचे मणी असल्यासारखं लिहिलंय म्हणून लिहितोय. पेपर-बिपर नाही आमच्याकडं, तोंडी वंशावळ आहे. कुठल्या वाडीवरची मादी, कुठल्या तांड्यावरचा नर, कुणाला मागच्या पायात दोष होता, गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. जाणूनबुजून जोडी लावली नाही तर ही जात चार पिढ्यांत गावठी कुत्र्यात मिसळून जाईल. मग पुण्यामुंबईचे लोक लेख लिहितील, देशी वाण गेला म्हणून. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी लक्ष घालून पैदास केली म्हणून तर तिकडं मुधोळ हाउंड टिकला. त्यावर २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं, लष्करानं २०१६ मध्ये मेरठला नेऊन प्रशिक्षण दिलं. हे सगळं "ब्रीडिंग" नसतं तर झालं असतं का?

आता दुसरी बाजू पण सांगतो. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली, ती बरोबरच झाली. पण ज्या कामासाठी कुत्रा घडला ते कामच गेलं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर देशी जातींचं नाव घेतलं, तेव्हापासून शहरातून फोन. "टू बीएचके आहे, चालेल ना?" नाही चालणार. पळायला रान लागतं त्याला. मी शेत बघितल्याशिवाय पिल्लू देत नाही. पैसे घेतो, खोटं कशाला बोलू. मादीला खुराक लागतो.

भूभू_मावशी
करवानवाले दादा, तुमच्या पोस्टचा मान ठेवून एक प्रश्न. एका वेताला सात पिल्लं. गिऱ्हाइकाला नर हवा असतो. माद्यांचं काय होतं?

करवानवाला_लातूर
तुम्ही वर्मावर बोट ठेवलं. बऱ्याच ठिकाणी टाकून देतात. गावात कुत्रं पाळणाऱ्याला मादी नको असते, दर सहा-आठ महिन्यांनी माजावर येते, दारात नरांची रांग लागते, पिल्लांची जबाबदारी पडते. मी टाकत नाही. फुकट देतो, नाहीतर ठेवतो. सध्या दारात जास्त माद्याच आहेत. म्हणून वेत पण कमी घेतो, कारण माद्यांना घर मिळत नाही हे माहीत आहे. पण सगळे असं करत नाहीत. बाजारात पोत्यात घालून आणलेली पण बघितलीत मी.

भूभू_मावशी
हे उघडपणे लिहिलंत, आभार. शहरातल्या ब्रीडरला हाच प्रश्न विचारला की विषय बदलतो.

म्हापशेकार
आमच्या गोंयात वेगळाच प्रकार. इथे रस्त्यावरची कुत्री विमानात बसून विलायतेला जातात! परदेशी पाहुणे महिनाभर किनाऱ्यावर राहतात, शॅकवरच्या कुत्र्यावर जीव जडतो, मग रक्ततपासणी, चिप, कागदपत्रं करून घेऊन जातात. त्याच वेळी आमचा बंगलेवाला दिल्लीहून हस्की (बर्फाळ प्रदेशातला कुत्रा) मागवतो आणि एसी लावून ठेवतो. गावठी कुत्र्याची किंमत आम्हाला कळायला गोरा माणूस लागतो. बाकी इथे लसीकरण जोरात झाल्यामुळे २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषणा झाली, त्यामुळे रस्त्यावरच्या कुत्र्याची धास्ती थोडी कमी आहे हेही खरं.

टोळभैरव
हस्कीला मे महिन्यात चिंचवडला आणा म्हणावं. डॉक्टरांचा ईएमआय सुटेल.

उत्रेख्तची_मीरा
नेदरलँड्समधून लिहितेय. इथे रस्त्यावर मोकाट कुत्रं दिसतच नाही, त्यामुळे दत्तक घ्यायचं तर लोक रोमानिया, स्पेनमधून आलेली कुत्री घेतात. पण इथला वाद वेगळाच आहे: काही जातींची पैदास करावीच का? इथल्या सरकारने २०१९ मध्ये चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी निकष आणले. नाकाडाची लांबी डोक्याच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर त्या कुत्र्यापासून पिल्लं घ्यायला बंदी. म्हणजे आपला लाडका पग जवळपास हद्दपारच. नॉर्वेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२३ मध्ये निकाल लागला आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची पैदास बंद झाली, कारण त्या जातीत हृदयाचे आणि कवटीचे आजार इतके पसरलेत की निरोगी जोडी लावणंच अशक्य. बुलडॉग त्या खटल्यातून सुटला. आणि इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून दलालामार्फत पिल्लू विकता येत नाही. जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत असतानाच बघायचं आणि घ्यायचं. मावशी म्हणतात तेच, फक्त कायद्याने.

पशुवैद्य_सातारा
पगबद्दल मीराताईंना अनुमोदन. आपल्याकडे २००३ च्या त्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पगची लाट आली, ती पुरती ओसरलेली नाही. घोरतो तेव्हा मालकांना गोड वाटतं. अहो, त्याला श्वास घेता येत नाहीये. नाकपुड्या चिमटलेल्या, टाळू लांब, श्वासनलिका अरुंद. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याने विदर्भातल्या ४५ अंशांत काय करायचं? बुलडॉगमध्ये तर डोकं एवढं मोठं आणि मादीची कंबर एवढी अरुंद की बहुतेक पिल्लं सिझेरियननेच काढावी लागतात. जी जात स्वतःहून बाळंत होऊ शकत नाही ती चालू ठेवायचा अट्टहास कुणासाठी? लॅबबद्दल माझं असं म्हणणं नाही. पग, फ्रेंच बुलडॉग यांच्याबद्दल आहे, आणि मी ते गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगतो. दोन गिऱ्हाइकं तुटलीही.

तर्कटराव
मी जरा वेगळं बोलतो, दगड मारू नका. "विकत घेऊ नका, दत्तक घ्या" ही घोषणा आपण अमेरिकेतून जशीच्या तशी उचलली. तिथे शेल्टर भरलं की कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारतात, त्यामुळे एक दत्तक म्हणजे खरोखर एक जीव वाचला. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्याला मारायला बंदी. २०२३ च्या नियमांनुसार पकडायचं, नसबंदी, लस, आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून जास्त मोकाट कुत्री निघाली. त्यातली तुम्ही पन्नास हजार घरी नेलीत तरी आकडा हलत नाही, रिकाम्या जागी नवी पिल्लं येतात. आकडा हलतो तो नसबंदीने. तेव्हा अनघाताईंनी लॅब घेतला म्हणून रस्त्यावरचं कुत्रं मेलं, हा अपराधगंड लादू नका. शिवाय रस्त्यावरचा पाच वर्षांचा कुत्रा फ्लॅटसाठी झुरत नसतो. त्याचा चौक, त्याचा खाटीक, त्याची टोळी असते. त्याला चौथ्या मजल्यावर कोंडणं ही दया की हौस?

भूभू_मावशी
मोठ्या कुत्र्याबद्दल बरोबर. आम्हीही मोठं, स्थिरावलेलं कुत्रं उचलत नाही, नसबंदी करून परत सोडतो. पण पिल्लांचं गणित निराळं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या पिल्लांचा मागोवा घेतला होता, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालाय. सात महिन्यांपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसामुळे: गाडीखाली, विषाने, मारून, उचलून नेऊन. आता वॉचमनच्या केबिनमागे किती पिल्लं आहेत ते अनघाने मोजावं आणि १९ टक्क्यांचं गणित मांडावं. इथे एक दत्तक म्हणजे एक जीवच, तर्कटराव.

तर्कटराव
आकडा माहीत नव्हता. पिल्लांपुरतं मागे घेतो. नसबंदीचा मुद्दा कायम.

रणगाडा
रस्त्यावरची कुत्री उचलून नेली पाहिजेत सगळी. आमच्या वडिलांना दोनदा चावलीत. तुम्ही श्रीमंत लोक खायला घालता आणि चावा आम्ही खातो. सुप्रीम कोर्टानेच सांगितलं होतं ना?

तर्कटराव
कोर्टाचं पूर्ण वाचा. ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता तसा आदेश होता, २२ ऑगस्टला तो बदलला. लस-नसबंदी करून सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील ती सोडू नका. त्याच आदेशात असंही आहे की कुणाला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवायचा आदेश झाला.

संपादक_मंडळ
चाव्यांचा आणि खाऊ घालण्याचा वाद या धाग्यावर नको. वेगळा धागा आहे, तिथे लिहा. रणगाडा यांचे पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

जुई_नाशिक
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. आमची गोल्डन रिट्रीव्हर मादी तीन वर्षांची आहे. आई म्हणते, एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्या, नाहीतर तिला नंतर त्रास होतो. शेजारच्या गल्लीत एक नर आहे, त्याचे मालक मेटिंगला तयार आहेत, मोबदल्यात एक पिल्लू मागतायत. मी काही धंदा करत नाहीये, हे पण ब्रीडिंगच का?

पशुवैद्य_सातारा
हो, तेही ब्रीडिंगच. आणि माझ्या दवाखान्यात येणारी बहुतेक "जातिवंत" पिल्लं फार्मवरून नव्हे, अशाच दोन सज्जन घरांतून आलेली असतात. "एकदा आई होऊ द्या" याला वैद्यकीय आधार काहीही नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, सात-आठ वर्षांची मादी ताप आणि तहान घेऊन येते आणि रात्रीत ऑपरेशन करावं लागतं. आचळांच्या गाठीही नसबंदी जितक्या उशिरा तितक्या जास्त.

पिल्लं झाली तर साधारण ६३ दिवसांनी आठ पिल्लं तुमच्या हॉलमध्ये. एक नराच्या मालकाला, एक मावशीला, एक ऑफिसातल्या मित्राला. बाकीची पाच? जाहिरात टाकाल. जो पहिला पैसे देईल त्याच्याकडे जातील, आणि त्यातली एखादी मादी कुणाच्या तरी पिंजऱ्यात दर सहा महिन्यांनी पिल्लं देत राहील. तुमचा हेतू चांगला आहे म्हणून साखळी तुटत नाही. खुब्याचे एक्स-रे, हृदयाची तपासणी झालीय का दोघांची? नसेल तर थांबा, आणि नसबंदीची तारीख घ्या.

जुई_नाशिक
आईला हे वाचून दाखवते. पटणार नाही, पण वाचून दाखवते.

निखिल_०७
मावशी, एक प्रामाणिक शंका. एवढे नियम आहेत तर हे ब्रीडर पकडले का जात नाहीत?

भूभू_मावशी
कारण १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. दहा ते पन्नास, हजार नाही. एका पिल्लाच्या पैशांत तो जन्मभराचा दंड आगाऊ भरेल. नोंदणी तपासायला माणसं नाहीत. म्हणून तर म्हणते, गिऱ्हाइकानेच आई बघायला मागायची.

अनघा_चिंचवड
सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. थोडी प्रगती:

नवऱ्याने त्या विक्रेत्याला परत फोन केला. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, "पेपरवर असतो सर." पिल्लाची आई बघायची म्हटल्यावर, "आई फार्महाऊसवर आहे, तिकडे लांब पडेल, मीच पिल्लू घेऊन हायवेच्या हॉटेलपाशी येतो." नवऱ्याने तो नंबर स्वतःच काढून टाकला, मी काही न बोलता. पण लॅबचा नाद सोडलेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसे एक्स-रे दाखवणारे एक गृहस्थ त्याला सापडलेत, त्यांच्याकडे पुढच्या वर्षीपर्यंत पिल्लू नाही. त्यांनीच उलट आमच्या घरी किती तास माणूस असतं वगैरे प्रश्न विचारले, म्हणून तो जरा प्रभावित झालाय.

केबिनमागे पाच पिल्लं होती, चार राहिलीत. एक पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाडीखाली गेलं. मुलगीच शाळेतून येत होती. तिला आजच्या आज एक घरी आणायचंय. आणू का? चार आठवड्यांची असतील.

पशुवैद्य_सातारा
वाईट झालं. पण जो नियम विकणाऱ्याला लावला तो इथेही लावा. चार आठवड्यांत आईपासून तोडू नका. पिल्लं पार्किंगमधून हलवता येतात, आईसकट. जिन्याखाली, मीटर रूमजवळ कुठेही कोपरा आडव्या फळीने बंद करा, आईला उडी मारून जाता येईल आणि पिल्लांना येणार नाही इतकी उंच. आईला दोन वेळ खायला द्या म्हणजे दूध टिकेल. जंताचं औषध आत्ताच, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. लस पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रिक्षा, फटाके, मिक्सर, पाहुणे सगळं दाखवा.

भूभू_मावशी
पिल्लांनी दूध तोडलं की आईच्या नसबंदीचं मी बघते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. नाहीतर पुढच्या वर्षी हाच धागा परत काढशील. बाकीच्या तिघांचे फोटोही पाठव, दत्तक शिबिरात ठेवू. नर-मादी लिही. माद्यांना वेळ लागतो.

अनघा_चिंचवड
चारांत तीन माद्याच आहेत. सासूबाई रोज दूधभात घेऊन खाली जातायत. "मी काही कुत्रं आणा म्हटलेलं नाही" हे दर वेळी सांगून. व्यनि केलाय.

तर्कटराव
सोसायटीत अजून किती कुत्र्यांच्या कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) नाही तेही मोजा. एकाच खेपेत उरकून घ्या.

मार्जारमित्र
मांजर घ्या. कुणालाही सकाळी सहाला खाली जावं लागत नाही.

लॅबवाला_नवरा
मी अनघाचा नवरा. खातं आजच उघडलं, कारण घरात माझी बाजू कुणी मांडत नाही. ठरलंय असं: काळी मादी, डाव्या कानावर पांढरा ठिपका असलेली, आठ आठवडे झाल्यावर घरी येणार. लॅबचं पुढच्या वर्षी बघू, मी त्या गृहस्थांकडे नाव नोंदवून ठेवलंय आणि त्याबद्दल इथे कुणी मला बोलू नये. करवानवाले, डॉक्टर, कुणीही सांगा: गावठी कुत्रं बॉल टाकला तर आणून देतं का?

करवानवाला_लातूर
आणेल की नाही सांगता येत नाही. आणला तर परत देईल, हेही नाही. तुम्ही आधी बाल्कनीला जाळी लावा, वरपर्यंत. सहा महिन्यांचं गावठी पिल्लू कठड्यावर सहज चढतं.